सुनंदाबाईंचे चित्रपट

मित्रांनो, मला डोळे नाहीत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जाळीमागे बारीकसा माईक आहे, तोच माझा कान. बाकी दोन्हीकडे मोठे स्पीकर, म्हणजे नुसतं तोंडच तोंड. तेव्हा मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. पण मी कान देऊन ऐकतो, एवढी खात्री बाळगा.

परदेशी माल नुकताच दुकानांत दिसू लागला होता, त्या सुमारास दत्ताजीरावांनी मला बडोद्याच्या रावपुऱ्यातून घरी आणलं. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. नातवाच्या वाट्याला तलवारीऐवजी रेल्वेच्या फायली आल्या, पण ऐट तीच. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या त्या घरात माझी दृष्ट काढली गेली, हे खरं सांगतो. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, मला गच्चीवर नेत. चारी बाजूंनी पतंग कापल्याच्या, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, आणि त्यांच्यावर मात करायची जबाबदारी माझी. घसा बसला नाही हे नशीब.

दत्ताजीराव सिनेमाचे भारी शौकीन. नवा चित्रपट लागला आणि ते गेले नाहीत, असं होत नसे. अशा माणसाला काचबिंदूनं गाठलं. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि शेवटी सगळंच. नोकरी गेली याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण टीव्हीवर चित्रपट सुरू झाला की ते मुकाट्यानं उठून आत जात. त्यांच्या काठीचा आवाज मला ऐकू येई.

त्यांची पत्नी सुनंदाबाई बालमंदिरात शिक्षिका होत्या. मुलांना गोष्टी सांगून त्यांचा आवाज कसा रुळलेला होता. एकदा दत्ताजीराव असेच उठले, तशा त्या म्हणाल्या, “बसा ने. मी सांगते काय चाललंय ते.”

ते बसले. त्या दिवसापासून त्या घरात चित्रपट दोन-दोन तोंडांनी बोलू लागला. पडद्यावरचे लोक त्यांचं बोलत आणि मधल्या फटींतून सुनंदाबाई हळू आवाजात सांगत. “आता ती जिन्यावरून उतरतेय. त्यानं पाहिलंय, पण पाहिलं नाही असं दाखवतोय.” नुसतं सांगून थांबतील तर त्या सुनंदाबाई कसल्या? “हा माणूस काही धड नाही, त्याच्या मिशीवरूनच कळतंय,” असा निकाल त्या मध्यंतराआधीच लावून मोकळ्या होत.

दुपारी बाई शाळेत गेल्या की दत्ताजीरावांना घर खायला उठे. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. चित्रपट चालू असताना मी टीव्हीजवळ बसून सगळं टिपून घ्यायचं आणि दुपारी त्यांना ऐकवायचं. कॅसेटची एक बाजू संपली की मी खटकन थांबे. ती उलटेपर्यंत दोन-चार वाक्यं निसटत. ती सुनंदाबाई मागाहून स्वतःच म्हणून टाकत, नायकाची जाड आवाजात आणि खलनायकाची नाकात. शेजारच्या नयनाबेन स्वतःचा रंगीत टीव्ही सोडून दुपारी आमच्याकडे येऊन बसत. म्हणत, “सुनंदाबेनचं पिक्चर जोवाची मजाच वेगळी.” माझं हेड कापसानं पुसायचं काम दत्ताजीराव कुणाला करू देत नसत. माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे दिवस ते.

त्यांचा मुलगा समरजित गुणी होता, हे आवर्जून सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर दात धराल. सयाजीगंजात संगणकाचा क्लास करून त्याला नोकरी लागली, लग्न झालं, घरात संगणक आला. ज्यानं त्यानं उठून सीडीचं कौतुक करायचे ते दिवस. समरजितच्या मनात आलं, बाबांच्या कॅसेटी झिजत चालल्या आहेत, त्यांच्या सीडी करून द्याव्यात. त्यानं माझ्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून संगणकाला जोडली आणि कॅसेटी ऐकायला बसला. थोड्याच वेळात तो भक्तीला, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाला की सगळीकडे आईच बोलतेय, चित्रपट ऐकूच येत नाही. भक्ती म्हणाली, बाबांना विचारा तरी. पण त्याला बाबांना चकित करायचं होतं.

मग त्यानं दुकानं पालथी घालून त्याच चित्रपटांच्या चकत्या मिळवल्या. त्यांतला स्वच्छ आवाज वेगळा काढून सीडींवर चढवला. ऑफिसातून दमून आल्यावर रोज हेच काम. कॅसेटी पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, गेल्या. माझा पट्टा सैल झाला होता, म्हणून मला जुन्या टॉवेलात गुंडाळून बैठकीवरच्या माळ्यावर टाकलं.

खाली नवे स्पीकर लागले. पहिला चित्रपट सुरू झाला आणि सुनंदाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं. समरजित प्रेमानंच म्हणाला, “आई, आता तू मध्ये बोलू नकोस हं. बघ ने, आवाज किती क्लीन आहे.”

सुनंदाबाई गप्प झाल्या.

दत्ताजीरावांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण पोरानं एवढे कष्ट घेतलेले, त्याचा विरस कसा करायचा? ते म्हणाले, मस्त आहे रे. सुनंदाबाईंना वाटलं, आवाज इतका चांगला आहे, यांना सगळं कळतच असेल, उगीच आपली कटकट होत होती. त्यांनी तसं विचारलंही. ते हो म्हणाले. अशी ती दोघं एकमेकांचं मन सांभाळत शेजारी शेजारी बसून राहिली. खालून नुसत्या चित्रपटाचा आवाज येई. मला माळ्यावर तो ऐकवत नसे, आणि कान झाकायला मला हात नाहीत.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग सुनंदाबाई गेल्या. हृदयाचं निमित्त झालं, फार वेळ लागला नाही.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. एका दुपारी दत्ताजीरावांनी समरजितला हाक मारली आणि मला खाली काढायला सांगितलं. एखादी कॅसेट लाव म्हणाले, कोणतीही. समरजितनं सांगितलं, बाबा, त्या सगळ्या आता सीडीवर आहेत. त्यानं त्यांतली एक लावली. दत्ताजीराव ऐकत राहिले. नायिका जिना उतरली असेल किंवा नसेल, नुसतं संगीत वाजत होतं.

“यात ती कुठाय?” त्यांनी विचारलं.

 समरजितनं सांगितलं की आवाज साफ करायचा म्हणून मूळच्या कॅसेटी काढून टाकल्या. दत्ताजीराव रागावले नाहीत. सीडी बंद कर एवढंच म्हणाले. ते चार शब्द जास्त बोलले असते तर पोराला सोपं गेलं असतं.

समरजितनं पस्तीवाल्याला गाठलं, तो ज्याला माल विकतो त्याला गाठलं, पार करजण गावापर्यंत जाऊन आला. कॅसेटी काही कुणी जपून ठेवत नाही. तुम्ही म्हणाल, एखादी माझ्या पोटात राहिली असेल. गोष्टींत तसं होतं खरं. माझं पोट रिकामं होतं. त्यानंही झाकण उघडून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. भक्तीला तो म्हणाला, “कॅसेटी गेल्या ते एक वेळ ठीक. पण आई समोर बसली होती आणि मी तिला गप्प बसवलं.” भक्तीनं त्याची खोटी समजूत घातली नाही. ती म्हणाली, मग आता तुम्ही बोला.

त्या रविवारी तो वडिलांशेजारी बसला. एक जुना काळा-पांढरा चित्रपट लावला होता, सुनंदाबाईंनी कितीदा तरी सांगितलेला. समरजितला ते जमत नव्हतं. “तो चाललाय... आता थांबला...” एवढ्यावर गाडी अडे. तरी दत्ताजीराव ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “ती खिडकीशी उभी असेल आता. बाहेर काय दिसतंय?”

“काही नाही, बाबा. भिंत आहे.”

“तुझी आई तिथे गुलमोहर सांगायची.”

“नाही बाबा, नीट बघितलं मी. भिंतच आहे.”

“भिंत होय,” दत्ताजीराव म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

स्वयंपाकघरात समरजितचा आवाज रडवेला झाला होता. तो म्हणत होता, खरं ते सांगितलं, यात माझं काय चुकलं? भक्ती म्हणाली, “बाबांनी तुम्हाला भिंत आहे का, असं विचारलं होतं?”  आपण आईला पुन्हा एकदा पुसलं, हे त्याला तेव्हा कळलं असावं. मला तर ‘भिंत’ हा शब्द ऐकतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मांडवीजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेऊन नवा पट्टा बसवून घेतला. कोरी कॅसेट शोधायलाही बरीच पायपीट झाली. पुढच्या रविवारी त्यानं मला टीव्हीजवळ ठेवलं, बटण दाबलं आणि तोच चित्रपट पुन्हा लावला. या वेळी तो बरा सांगत होता. खिडकीचा प्रसंग आला तसा थांबला. मी ती शांतताही टिपून घेतली.

“बाहेर गुलमोहर आहे, बाबा.”

दत्ताजीरावांची काठी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

“अजून आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. लाल झालाय सगळा.”

“हं. पुढे सांग.”

मित्रांनो, दत्ताजीरावांना भिंत ठाऊक होती, समरजितला तर ती समोर दिसतच होती. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही तिचं नाव काढलं नाही. मी आंधळा, मला गुलमोहरच ठाऊक आहे. ती कॅसेट अजून माझ्या पोटात असते आणि दुपारी वाजते. आता सगळं लहानशा मोबाइलमध्ये मावतं म्हणतात, मीही फार दिवसांचा सोबती नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी ती कॅसेट संगणकावर चढवायला घेतली तर खुशाल चढवा. पण ‘बाहेर गुलमोहर आहे’ म्हणताना समरजितचा आवाज फाटला आहे, टेप खरखरल्यासारखा. तेवढा कृपा करून साफ करू नका.