दोरीआडचा माग

मित्रांनो, माझे वय आता सत्त्याऐंशी आहे आणि मी अजून कामावर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुना म्हटले की लोकांचा सूर लगेच हळवा होतो. मी ओकच्या लाकडाचा हातमाग आहे, सहा पावड्यांचा, म्हणजे पायाने दाबायच्या सहा पट्ट्यांचा. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत सॉरेल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एका जुन्या शाळेत हस्तकला केंद्र चालते. तिथल्या सगळ्यात उजेडाच्या खोलीत मी उभा असतो.

मला ऑर्विल स्टॅम्परने बनवले. तो कोळशाच्या खाणीत छताला लाकडी टेकू बसवायचे काम करी. लाकूड किती भार पेलते, हे त्याला हाताने चाचपून कळे. एका हिवाळ्यात खाण बंद पडली, तेव्हा त्याने बायकोसाठी मला घडवायला घेतले. माझ्यात एकही लोखंडी खिळा नाही. सगळे सांधे खाचा आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेले आहेत. बायको, म्हणजे ऑटी, ठेंगणी होती. ऑर्विलने तिला पिठाच्या डब्यावर बसवून तिच्या गुडघ्यांची उंची दोरीने मोजली आणि त्याच मापाने माझा बाक केला. आजही उंच माणूस माझ्यावर बसला की त्याचे गुडघे आडव्या दांडीला लागतात. त्याला माझा इलाज नाही. मी ऑटीच्या मापाचा आहे.

ऑटीने माझ्यावर साठहून जास्त वर्षे पांघरुणे विणली. तिची एक नक्षी होती, तिने स्वतः रचलेली. तिला ती 'लांबची वाट' म्हणे. निळ्या लोकरीच्या वळणदार पट्ट्या एकमेकींना छेदत जात आणि मध्येच एक फूल उमले. लांबलांबून माणसे ते पांघरूण न्यायला येत. ओसरीवर उभी राहून ती नक्षीचे कौतुक करीत आणि ऑटी म्हणे, "मागालाही सांगा जरा. तोही राबलाय." खोटे कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडे.

तिला दोन मुली. थोरली व्हर्डी शांत, बारीक कामाची. ताण्याचे, म्हणजे उभे ताणलेले, आठशे चाळीस धागे एकेक करून माझ्या दोऱ्यांना असलेल्या छोट्या डोळ्यांतून ओवायचे, तेही ठरलेल्या क्रमाने, हे काम आईने तिला शिकवले. धाकटी लोरीन म्हणजे वारा. "हिचे पाय एका जागी ठरत नाहीत, तर निदान कामाला तरी लावू," असे म्हणत ऑटीने तिला बाकावर बसवले आणि पावड्यांचा क्रम शिकवला. एक ओवी, दुसरी विणी. ऑटीने यातले काहीही कागदावर लिहिले नाही. दोघी मुली घरात होत्या, तोवर लिहायची गरजच नव्हती.

पुढे लोरीन लग्न करून शेजारच्या ओहायो राज्यात गेली, मोटारींच्या कारखान्यात कामाला लागली. ऑर्विल गेला. मग ऑटीही गेली. शेवटचे पांघरूण तिच्या अंगावर घालूनच तिला पुरले. बाकीची पांघरुणे कधीच लोकांकडे दूर गेली होती. पुरून आल्यावर आठ दिवसांत व्हर्डीने मला या केंद्राला देऊन टाकले. महिन्याने लोरीन मला न्यायला गाडी घेऊन आली, तर खोलीत माझ्या पायांचे चार फिकट ठसे तेवढे उरले होते.

त्या दिवसापासून दोघी बहिणी बोलेनाशा झाल्या. पुढे लोरीन म्हातारपणी परत आली आणि ओढ्याच्या पलीकडे राहू लागली. व्हर्डी अलीकडे. मध्ये एक लाकडी पूल. तो दोघींपैकी एकीनेही दुसरीसाठी ओलांडला नाही. असा अबोला एकोणीस वर्षे चालला. व्हर्डी जुन्याच चर्चमध्ये जात राहिली. लोरीनने मात्र रविवारीही समोरासमोर येऊ नये म्हणून दुसरे चर्च धरले.

केंद्रात माझी सुरुवात चांगली झाली. मग एकदा कुणीतरी दोन्ही पायांनी पावडीवर उडी मारली आणि ती मधोमध तडकली. दुरुस्त करायचे सोडून मंडळींनी माझ्याभोवती लाल दोरी बांधली आणि पाटी लावली: 'कृपया हात लावू नये.' लोक येत, कुजबुजत, फोटो काढत. मला मान होता, काम नव्हते. मित्रांनो, लाकडाला रिकामे उभे राहणे सोसत नाही. ते सुकते, सांधे सैल होतात, उंदीर दोऱ्या कुरतडतात. अशी अकरा वर्षे गेली.

गेल्या उन्हाळ्यात डेल्फिया कॉडिल नावाची नवी संचालिका आली. जून-जुलैतले शनिवार इथे सहकुटुंब यायचे असतात. कुणाकडून पैसे घेत नाहीत. एका खोलीत माती, दुसऱ्या खोलीत झाडू बांधणे, ओसरीवर अक्रोडाच्या सालींनी लोकर रंगवणे. दुपारी सगळ्यांना उकडलेल्या शेंगदाण्यांची टोपली फिरते आणि घेवड्याचे सूप नि मक्याचा पाव मिळतो. डेल्फियाने पहिल्याच आठवड्यात माझी दोरी सोडली, सुतार बोलावून नवी पावडी बसवली आणि दारावर कागद लावला: 'ऑटी स्टॅम्परची लांबची वाट कुणाला येते का?'

पहिल्या शनिवारी व्हर्डी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात नऊ वर्षांच्या नातीचा, मेझीचा हात. दाराशीच थांबून ती माझ्याकडे बघत राहिली.

"मला अर्धी येते," ती डेल्फियाला म्हणाली.

"अर्धी म्हणजे काय, मावशी?"

"मी ओवून देईन. विणायचं मला विचारू नकोस. ते दुसरीचं काम होतं."

"दुसरी कोण, आजी?" मेझीने विचारले.

"माझी बहीण."

"तुला बहीण आहे?"

"आहे. पुलापलीकडे. चल, तो स्टूल ओढ इकडे."

मेझी स्टुलावर बसून एकेक धागा पुढे करू लागली आणि व्हर्डीची बोटे तो माझ्या डोळ्यांतून ओढून घेऊ लागली. तीन शनिवार हे चालले. मेझीचे प्रश्नही तितकेच चालले. बहीण कशी दिसते, काय खाते, का येत नाही. व्हर्डी म्हणे, "मोज गं. बोललीस की चुकतेस." तिसऱ्या शनिवारी आठशे चाळिसावा धागा ओवला गेला. अकरा वर्षांनी माझ्या अंगावर ताण बसला आणि मी कडकडलो. मेझी दचकली. व्हर्डी हसली. "आळस देतोय," ती म्हणाली.

पण पुढे काय? पावड्यांचा क्रम कुणाला ठाऊक नव्हता. डेल्फियाने विणकामाचे शिक्षण घेतले होते. तिने ओवलेल्या धाग्यांवरून अंदाज बांधून पाहिले. वाटा उमटल्या, फूल काही येईना. तिथे ऑटीने स्वतःचे काहीतरी घातले होते.

मग डेल्फिया पूल ओलांडून लोरीनकडे गेली. तिथे काय झाले, ते तिने परत येऊन याच खोलीत व्हर्डीला सांगितले. लोरीनने तिला दारातूनच वाटेला लावले होते. "म्हणाल्या, तिला म्हणावं, आधी माग घरी आणून ठेव, मग बघू." आणि जरा थांबून डेल्फिया म्हणाली, "मावशी, त्यांना दिसत नाही फारसं. माझ्याशी बोलताना त्या दाराच्या चौकटीकडे बघत होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, आहे तेही जाणार."

 हातातली लोकर व्हर्डीने उगीचच दोनदा गुंडाळली. हे तिला माहीत नव्हते. ओढ्याच्या अलीकडे राहून माहीत नव्हते.

चौथ्या शनिवारी सकाळी दारात काठी वाजली. लोरीन आली होती, शेजाऱ्याच्या गाडीतून. का, ते तिने सांगितले नाही; नजर जायच्या आत एकदा माझ्यावर बसावे, असे तिला वाटले असावे. व्हर्डी माझ्या डाव्या अंगाला उभी होती. लोरीनला ती दिसली की नाही, सांगता येत नाही. ती सरळ माझ्यापाशी आली. माझ्या दांडीवरून तिने तळहात फिरवला, बाकाची कड चाचपली आणि बसली. बूट काढून तिने मोज्यांचे पाय पावड्यांवर ठेवले.

मित्रांनो, ऑटीनंतर मला इतके ओळखीचे पाय लागले नव्हते. लोकर वाहणारा धोटा डावीकडून उजवीकडे, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. चार बोटे कापड झाले, फूल उमलू लागले. मग ती थांबली आणि कापडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"दोन धागे चुकलेत," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांनी बहिणीला म्हटलेले हे पहिले वाक्य.

"चुकलेले नाहीत," व्हर्डी म्हणाली.

"तिसऱ्या वळणापाशी. अदलाबदल झालीय."

"मी आईच्या हाताखाली चाळीस वर्षं ओवलंय, लोरीन."

"मग चाळीस वर्षांत एकदा चुकलीस. हात लावून बघ."

व्हर्डीने चष्मा पुसला. वाकून तिसऱ्या वळणाचे धागे एकेक वेगळे केले. बराच वेळ गेला. मातीच्या खोलीतले लोकही दारात येऊन बघत होते. एका बाईच्या हातातला मातीचा वाडगा तिरका होत चालला होता, पण तिचे लक्ष नव्हते.

"चुकलेत," व्हर्डी अखेर म्हणाली. "सोड मागे. नीट करते."

लोरीनने विणलेले चार बोटे कापड उसवले. व्हर्डीने दोन धागे काढून पुन्हा ओवले. दोघींची डोकी माझ्या दोऱ्यांपाशी इतकी जवळ आली होती की त्यांचे पांढरे केस एकमेकींना लागत होते. आणि तिथे, मान वर न करता, लोरीन बोलली.

"का दिलास हा?"

"दर वसंतात ओढा घरात शिरायचा. तू ओहायोत. मला विणता येत नाही. आई गेल्यावर हा नुसता उभा होता आणि मला तिथून ये-जा करवेना. तुला तीन वेळा फोन केला होता."

"कारखान्यात फोनवर कुणी बोलावत नव्हतं आम्हाला."

"मला काय माहीत."

"तरी विचारायचं होतंस."

व्हर्डीने धागा ओढून घट्ट केला. "हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. थांबायला हवं होतं तुझ्यासाठी."

लोरीनने मान डोलावली. दोघी गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. लोरीनने धोट्यासाठी हात पुढे केला आणि व्हर्डीने तो तिच्या हातात दिला. पण मी लाकूड असलो तरी माझ्यावरचा ताण ओळखतो, आणि त्या क्षणी तो सगळीकडे सारखा झाला.

मग मेझीने एक शहाणपणाचे काम केले. सुपाच्या टेबलावरून तिने एक कागद पैदा केला आणि लोरीनच्या शेजारी बाकावर चढून बसली.

"मावशीआजी, मोठ्याने मोजाल का? मी लिहून घेते."

"तू कोण?"

"व्हर्डीआजीची मेझी. मी पण ओवलंय. पण ते दोन धागे माझ्या हातून चुकले असतील. मी मध्येच बोलत होते."

"बोलणारच. माझ्यावर गेलेली दिसतेस," लोरीन म्हणाली आणि मोठ्याने मोजू लागली. दुसरी पावडी चार वेळा, तिसरी चार वेळा, आणि फुलाशी आल्यावर उलटे जायच्या आधी एक पाऊल थांबायचे. हेच ते ऑटीचे गुपित. एक थांबणे.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी कापड उतरवले. दोन हात रुंद, चार हात लांब. डेल्फियाने सुचवले की ते काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू या. दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, "नाही."

"पांघरूण आहे ते," व्हर्डी म्हणाली. "पांघरायचं."

ते कुणाच्या घरी जाणार, यावरून मात्र पुन्हा जुंपली. तू ने, नको, तू ने. शेवटी ठरले ते असे: महिनाभर अलीकडे, महिनाभर पलीकडे. म्हणजे दर महिन्याला कुणीतरी ते घडी करून पुलावरून न्यायचे. बहुतेक वेळा दोघी मिळूनच नेतात आणि न्यायला आलेली चहाला थांबते, असे मेझी सांगते. कापड उतरवल्यावर त्याच दुपारी व्हर्डीने माझ्यावर नवा ताणा चढवायला घेतला. आता दर शनिवारी कुठलेही कुटुंब येऊन त्यावर दोन बोटे विणते. मेझीने लिहिलेला कागद डेल्फियाने माझ्याशेजारी टांगला आहे. त्यावर सुपाचा डाग आहे, पण आकडे स्वच्छ आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी असेल. माग नसेल, तर शिवणयंत्र असेल, चरखा असेल, आजोबांचा रंधा असेल. त्याला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा तेल द्या, मोडले तर दुरुस्त करा. मुख्य म्हणजे त्याच्याकडून काम करून घ्या. आणि ते चालवता येणारे माणूस जवळ असेल, तर त्याच्याशेजारी कागद घेऊन बसा. त्यात उशीर करू नका. मेझीने तो क्रम लिहून घेतला, त्याला अजून वर्षही झालेले नाही, आणि लोरीनला आता धोट्यातल्या लोकरीचा रंगसुद्धा दिसत नाही. बाकावर बसताना ती विचारते, "निळीच आहे ना?" व्हर्डी म्हणते, "निळीच." मग ती विणायला लागते, आणि तिचे पाय चुकत नाहीत.