रजेपुरता नेड

नेड पॉलसेनसाठी मी इतकी वर्षं विनोद लिहिले, आणि त्यातले चांगले तेवढे वेचून त्यानं ते मलाच काढून टाकायला लावले. ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई काय बरळतेय. पण झालं ते असंच.

आमच्या बरबँकच्या स्टुडिओत रात्री साडेअकराचा विनोदी गप्पांचा टीव्ही कार्यक्रम आर्ट व्हिटफिल्डचा. अर्धी अमेरिका त्याला बघून झोपायची. त्याच्यामागून साडेबाराला आमचा, नेडचा. तो बघायला रात्रपाळीचे पहारेकरी आणि बाळंतिणी तेवढ्या जाग्या. आर्ट रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत बदली म्हणून नेड बसायचा, आणि पुढे ती खुर्ची नेडचीच, असं सगळे धरून चालले होते. नेडला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. दुसऱ्या चॅनेलनं दोनदा बोलावलं, गेला नाही. बायको कंटाळून निघून गेली, तरी याचं आपलं तेच.

पण म्हातारा आर्ट महासंशयी. एकदा त्यानं टेरेन्स मोबली नावाच्या नव्या पोराला बदलीवर बसवलं. त्या पठ्ठ्यानं लोकांना हसवून हसवून लोळवलं. मग त्याला पुन्हा बोलावणंच नाही. यावरून नेड काय ते शिकला. “विल्मा, हा फार चांगलाय, काढ,” असं म्हणून बदलीच्या आठवड्यात माझ्या कागदावर काट मारायचा. उरलेले विनोदही जरा पडत्या आवाजात सांगायचा. मी चिडले की म्हणायचा, आत्ता नमतं घेऊ, खुर्ची मिळाल्यावर दाखवू काय ते. मलाही पटायचं, खोटं कशाला बोलू?

वसंतात आर्टनं निवृत्ती जाहीर केली. चॅनेलच्या मुख्य बाई मार्शा ग्रॉस यांनी नेडला बोलावलं, मीही सोबत गेले. बाई गोड बोलल्या, पण सांगितलं ते सरळच. नेड बसतो त्या आठवड्यात लोक चॅनेल बदलतात. एकाच बदलीच्या वेळी लोक हलले नव्हते, टेरेन्सच्या. म्हणून वरच्यांचं मन त्याच्याकडे आहे.

नेड पांढराफटक पडला.

“मी मुद्दाम तसं करत होतो, मार्शा.”

“मुद्दाम वाईट?”

“वाईट नाही. बेताचं.”

बाईंनी समोरचं कॅलेंडर ओढलं. मग म्हणाल्या, “शुक्रवारी आर्ट नाहीये. तू बस. आणि बेताचं करू नकोस.”

मी रात्रंदिवस बसून लिहिलं. इतकं धारदार मी जन्मात लिहिलं नव्हतं, आणि नेडनं एकावरही काट मारली नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला, बाहेर लख्ख ऊन असताना, रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिला विनोद त्यानं अक्षरशः जसाच्या तसा सांगितला, पण हशा यायच्या नेमक्या जागी त्याचा आवाज खाली गेला. सवयीनं, दुसरं काय. लोक हसले, पण यजमानाच्या विनोदावर पाहुणे हसतात तसं. दुसऱ्यालाही तेच झालं. तिसऱ्याला त्याचं त्यालाच कळलं, आणि तो ओरडून बोलायला लागला. ते तर बघवेना. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून मी मुठी आवळत होते. जीव नुसता तुटत होता, पण तिथे जाऊन त्याच्या तोंडानं मी थोडीच बोलणार होते?

बघायला येऊन बसलेल्या मार्शाबाई रेकॉर्डिंग संपायच्या आधीच उठल्या. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, सोमवारी टेरेन्सचं नाव जाहीर होईल, नेडला तूच सांग.

मी मेकअपच्या खोलीत गेले. नेड आरशापुढे बसला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्याच्या घरी रेकॉर्डिंग थेट दिसायचं, त्यामुळे सगळं बघून त्यानं लगेच फोन लावला होता. त्याचा आवाज इतका मोठा की मला उभ्या जागी ऐकू येत होता.

“झकास केलंस रे,” आर्ट म्हणाला. “तू बसलास की मला घोर नसतो. तुझ्यासारखा बदली माणूस मला दुसरा मिळाला नाही.”

“थँक्यू, आर्ट,” नेड म्हणाला. तेही त्याच पडत्या आवाजात.