थंड कापडावरचं पाणी

उमापुरात लोक मन्मथ आप्पाच्या शब्दावर कापड घ्यायचे. बाजार बाहेरच्या मालाला खुला झाला तसं त्याचे दाजी केदारनाथ यांनी सुरतेहून मेण लावलेलं नवं कापड आणून मन्मथच्या दुकानात ठेवलं. दाजी सावलीत बसून त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि थेंब गोट्यांसारखे पळायचे. ऊसतोड्यांनी फडावरच्या झोपडीसाठी, कोपीसाठी, तेच उचललं.

माजलगावच्या उसाच्या फडात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवसांनी तिथली ऊसतोड कामगार कौशल्याबाई दुकानात आली. कोपीवरचं कापड तिनं चहाच्या स्टोव्हवर जरा कोमट केलं आणि पाणी ओतलं. मेण सैलावलं, पाणी आरपार गळालं.

"कोपीत चूल पेटतीच की, आप्पा. लेकरं भिजली."

"मला ठाव न्हवतं, मावशी."

"असंल. आमी तर तुमच्या शब्दावर घेतलतं."

मन्मथ तडक बहिणीच्या घरी गेला. परसात चूल पेटली होती आणि वर जुनीच ताडपत्री होती.

"दाजी, इथं नवं कापड कावून न्हाई लावलं?"

दाजी हसले. "बसा तर. चहा घ्या."

बहिणीनं कप पुढं केला. त्या घरचा चहा मन्मथनं पहिल्यांदाच न पिता परत ठेवला.