अर्ध्या दिवसाची सवय

शेवटच्या माणसाच्या हातात जन्माचा दाखला देऊन तिनं खिडकी ओढून घेतली आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"मिळालं कुणी?" साहेबांनी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. नवी सवलत आली होती. एका जागेवर दोघांनी अर्धा-अर्धा दिवस काम करायचं, पगारही निम्मा-निम्मा. तिला सकाळ हवी होती. आई अंथरुणाला खिळलेली, आणि भाऊ दुपारच्या पाळीला निघाला की घरात दुसरं माणूस नाही. पण दुपार घ्यायला कुणी तयार होईना. जोडीदार नाही तर राजीनामा, एवढंच उरलं होतं.

"संध्याकाळपर्यंत थांबतो. पुढं माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले.

बाहेर आली तोच तोफ धडाडली. कपाटाशेजारी बसणाऱ्या काकांना त्यांच्या आवाजामुळं सगळं ऑफिस तोफ म्हणे. निवृत्ती तोंडावर आली होती, आवाज मात्र तसाच होता.

"काय, अर्धं तिकीट! सापडला का उरलेला अर्धा?"

"नाही काका." ती खाली बघून पदराला पीळ देत राहिली.

तोफेचा आवाज एकदम खाली आला. मग काका हळूच म्हणाले, "माझं नाव घाल."

"थट्टा पुरे हं."

"थट्टा नाही गं. आमची ही म्हणते, तुम्ही एकदम अख्खे घरी आलात तर मी माहेर गाठीन. आधी अर्धे या, झेपताय का बघते." ते हसले, पण बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत राहिली. "मलाही एकदम नाही जमायचं."

ती तशीच साहेबांच्या खोलीत परतली आणि अर्जात काकांचं नाव घातलं.

पहिल्या दिवशी तिनं सकाळी खिडकी उघडली, तर समोर लोकांच्या बाकावर काका! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा.

"अहो, तुमची वेळ दुपारची!"

"ठाऊक आहे. घरी बसवेना. तू कर तुझं काम."

हळूहळू ते उशिरा, आपल्या वेळेच्या जेमतेम आधी येऊ लागले. एक दिवस मात्र दुपार झाली तरी बाक रिकामाच. घरी भाऊ बूट घालून दारात उभा असेल. तिचा जीव टांगणीला लागला.

इतक्यात काका धापा टाकत आले. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

"डोळा लागला गं," ते ओशाळून म्हणाले. "हिनं उठवलंच नाही. म्हणाली, इतके शांत कधी दिसला नव्हतात."

तिनं खुर्ची त्यांच्या उंचीला वर केली, पिशवी उचलली आणि हसत बाहेर पडली.