पाच वर्षांत एकच नोंद

विधानसभेची मुदत संपली की सूची तयार होते: कोणता आमदार, कोणत्या दिवशी, काय बोलला. बावीस वर्षं हे काम सूचीवाल्या बाईंकडे होतं. या वेळी स्वतःच्या गावच्या आमदाराचं पान काढलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं झाली, आणि नोंद एकच! 'वारा लागत असल्याने खिडकी बंद करण्याची विनंती.'

अरे, म्हणजे बोलता येतं तर तुला! मग पुलाचं नाव काढताना दातखीळ बसली होती का?

दोन वर्षांपूर्वी गावच्या नदीला पूर होता आणि बाईंच्या वहिनीच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना पलीकडे. दादा धो धो पावसात होडीची वाट बघत काठावर बसला, आणि वहिनी त्याच्या मांडीवरच गेली. तरी दादा भाबडा तो भाबडाच. "साहेबांनी पुलासाठी सभागृहात पाचदा आवाज उठवलाय," असं गावभर सांगत फिरायचा.

दुपारी साहेब स्वतः हजर. आता गटनेते होणार म्हणून अंगावर मूठभर मांस चढलेलं.

"ताई, माझ्या पानावर पुलाच्या पाच नोंदी घाला. रविवारी गावात सभा आहे. वाचून दाखवायचंय."

"पण तुम्ही बोललात कधी?"

"मनात होतं हो! आणि बदलीचा कागद काढायला मला वेळ लागत नाही, माहीत आहे ना?"

बाईंनी शिक्का पुढे ओढला. "पान मिळेल. माझ्या दादाकडे देते, सभेत तोच वाचेल."

साहेब खूश होऊन गेले. मेल्यानं पाच वर्षांत एक कागद उघडून बघितला नव्हता, हा तरी कशाला बघेल? बाईंनी पानावर सही केली, शिक्का मारला. एक अक्षर वाढवलं नाही. पाकीट बंद करून दादाच्या हाती दिलं.

रविवारी बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. साहेबांनी दादाला मंचावर घेतलं. "फोडा पाकीट! वाचा मोठ्यानं, कळू दे सगळ्यांना!"

दादानं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साहेब माइक ओढायला धावले, पण दादानं तो सोडला नाही.

"साहेब, ती काठावर भिजून गारठली होती हो," तो म्हणाला. "आणि वारा तुम्हाला लागत होता?"