पुसलेली खूण

आमच्या ह्यांच्या हातून न निघालेला डाग मी अजून पाहिलेला नाही. शाई, गंज, लिपस्टिक, इंजिनाचं तेल, काहीही आणा. लॉन्ड्रीचं काउंटर, गिऱ्हाइकं आणि भांडणं माझ्याकडे. मागची खोली, बाटल्या आणि डाग ह्यांच्याकडे, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. माणूस अबोल. मी दोघांच्या वाटणीचं बोलते, त्यामुळे काही अडत नाही.

या हातानेच आमचा घात केला. ह्यांना शौचातून रक्त जात होतं आणि कित्येक महिने मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या कुठल्याही बाईला कपडे धुताना कळलं असतं. आमच्याकडे घरचे कपडेही हेच धुतात, आणि रक्ताचा डाग गार पाण्यात लगेच धरला तर त्याचा मागमूस राहत नाही. मला संशय आला तो पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा. खोदून खोदून विचारलं तर म्हणाले, "मूळव्याध असेल."

"असेल म्हणजे? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शटर ओढलं आणि ह्यांना तशीच हॉस्पिटलात घेऊन गेले.

डॉक्टरबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, पण बोलणं स्वच्छ. आधी बोटाने तपासलं. मग दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी किरणं आणि गोळ्या, मग थोडी विश्रांती, मग ऑपरेशन असं ठरलं. किरणांनी गाठ आटली, पण अगदी तळाशी ठाण मांडून बसलेली होती, ती जागची हलली नाही.

"गाठीबरोबर तिच्या भोवतीचा थोडा चांगला भागही काढावा लागतो, नाहीतर ती परत येते," डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "खाली पुरेशी जागा उरली तर मी आतडं परत जोडेन. पण शौच धरून ठेवणारा स्नायू गाठीत सापडला असेल तर तोही काढावा लागेल. मग आतड्याचं तोंड पोटावर आणायचं आणि तिथे पिशवी लावायची. ती कायमची."

"आणि हे कळणार कधी?" मी विचारलं.

"आत गेल्यावरच. पण एवढं सांगते, गाठ आत्ता पूर्ण निघू शकते. थांबलो तर ही संधी जाईल."

ह्यांनी मान डोलावली. घराच्या दारात कुलूप उघडता उघडता मात्र म्हणाले, "पिशवी लागणार असेल तर मला तसाच शिवून परत पाठवा म्हणावं." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण हा माणूस चेष्टा करत नाही, हे माझ्या लक्षात यायला जेवणाची वेळ उजाडली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एक सिस्टर आल्या. पिशवी कुठे लावायची, कशी बदलायची, एवढंच त्यांचं काम. सगळा वॉर्ड त्यांना पिशवीवाल्या सिस्टर म्हणायचा आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. मला वाटलं, ह्यांना झोपवून पोटावर रेघ मारतील आणि जातील. तसं नाही. त्यांनी ह्यांना घरची पँट घालायला लावली, पट्टा बांधायला लावला. उठा, बसा, वाका. मग जेवणाचं चाकांचं टेबल पुढे ओढून म्हणाल्या, "काका, दुकानात काम करता तसे उभे राहा." हे टेबलावर वाकले. पोटाला घडी कुठे पडते, पट्टा कुठे टेकतो, मान खाली घातल्यावर ह्यांना स्वतःला काय दिसतं, ते सगळं बघून मग त्यांनी जांभळ्या शाईचा एक गोल काढला.

"लागली नाही तर उत्तमच," त्या म्हणाल्या. "पण लागली तर जागा नीट हवी." ह्यांनी त्या गोलाकडे एकदाही बघितलं नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा हे हॉस्पिटलचा गाऊन घालून खाटेवर बसले होते. गाऊन चुरगळलेला होता, तो सारखा करायला गेले आणि आतलं पोट दिसलं. गोल नव्हता. अंघोळीत फिका झालेला डाग आणि ह्यांनी काढलेला डाग यातला फरक मला नाही कळणार तर कोणाला? तिथे ना छटा होती, ना कड. खाटेच्या पायथ्याशी हात चोळायच्या स्पिरिटची बाटली लटकवलेली असते, ती निम्म्यावर आली होती.

"खूण कुठे गेली?"

"अंघोळीत गेली असेल."

"अहो, मी गिऱ्हाईक नाही."

ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "खूणच नसली तर पिशवीचं त्यांच्या डोक्यात येणार नाही. दुसरा काहीतरी मार्ग काढतील."

एरवी मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. पण आख्खं आयुष्य हिशोबीपणे वागलेल्या माणसाने लहान पोरासारखं हे केलेलं बघून मी नुसती गाऊनची नाडी बांधली. तेवढ्यात सिस्टर आल्याच. त्यांनी पोट बघितलं, बाटली बघितली, आणि ओरडल्या वगैरे नाहीत.

"काका, खूण पुसली म्हणून पिशवी टळत नाही. लागायची असेल तर लागणारच. फक्त जागा अंदाजाने ठरेल, तीही तुम्ही आडवे असताना. उठून बसलात आणि ती घडीत गेली की पिशवी सुटणार, गळणार. एक दिवस नाही, रोज." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी पेन घेऊन येते." पेन त्यांच्या खिशातच होतं. बाई शहाणी.

"मला आत जायचं नाही," हे म्हणाले.

"का? जन्मभर लोकांच्या घाणीत हात घातलेत तुम्ही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या चादरी घेऊन माणसं खाली मान घालून येतात, तेव्हा तुम्ही मागच्या खोलीतून पुढे येऊन 'होतं असं' म्हणून हातातून काढून घेता. कधी नाक मुरडलंत?"

"मी नाही मुरडत," हे म्हणाले. "तू मुरडतेस."

खरं होतं. तसलं गाठोडं माझ्या हाती आलं की मी ते दोन बोटांनी उचलते आणि तोंड फिरवून मागे सरकवते.

"लोकांचं काय," हे म्हणाले, "त्यांच्यापासून मला मागच्या खोलीत जाता येतं. तुझं तोंड रोज बघायचं आहे मला."

किरणं, गोळ्या, वाट बघणं, या सगळ्यात मी रडले नव्हते. तिथे रडले. म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात. कसेही. तुम्ही गेलात तर मी भांडू कोणाशी? नाही मुरडणार नाक. शपथ घेते."

"बघू," हे म्हणाले. मग उठले, पँट चढवली, पट्टा बांधला, आणि चाकांचं टेबल स्वतःच पुढे ओढून सिस्टरना हाक मारली.

बाहेर बसून मी भिंतीवरच्या सगळ्या सूचना इतक्यांदा वाचल्या की कुठली चुकीची छापली आहे तेही सांगू शकेन. दुपार कलली तेव्हा डॉक्टरबाई टोपी काढत आल्या. "गाठ पूर्ण निघाली. स्नायू नाही वाचवता आला. पिशवी लावली आहे, खुणेवरच." पुढे तपासणीत कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. ह्यांनी नुसती मान डोलावली आणि गाऊन पोटावर ओढून घेतला.

पिशवी बदलायची पहिली वेळ आली. सिस्टर बाजूला उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही करा, मी बघते." मी हातमोजे चढवले. चिकटपट्टी सांगितल्याप्रमाणे वरून खाली, कातडीला धरून सोडवली. ह्यांचं लक्ष पोटाकडे नव्हतंच. डोळे माझ्या तोंडावर खिळवलेले. मीही तोंड दगडासारखं ठेवलं. आतड्याचं तोंड ओलं, लालबुंद होतं. कोमट पाण्याच्या कापडाने भोवतालची कातडी पुसली.

"श्वास घे," हे म्हणाले. "मरशील."

मी श्वास घेतला. आणि नाक असं काही मुरडलं की कपाळाला पोचलं. "शी! काय वास आहे हो हा!"

तोंडातून शब्द निसटून गेला होता. शपथ पार धुळीला मिळाली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हा माणूस टाक्यांवर उशी दाबून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी हात थांबवला नव्हता, कापड अजून फिरतच होतं, ते त्यांनी बघितलं. मलाही ते तेव्हाच दिसलं.

"उद्या येशील?" त्यांनी विचारलं.

"न येऊन जाते कुठे?" मी म्हटलं. "हलू नका आता. मला नवी चिकटवू दे."