बारा हजारांचा आकडा

हीटर बनवणाऱ्या कारखान्यात पुढच्या हंगामात किती माल खपेल, याचा अंदाज ती बांधायची. ऑफिसात तिला गमतीने ज्योतिषीणबाई म्हणत. यंदा मात्र भविष्य सांगायला ज्योतिष लागतच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात कडाका पडला म्हणून माल हातोहात गेला होता. तशी थंडी पुन्हा पडेलच असं नव्हतं. किंमत वाढली होती, एक नवी स्वस्त कंपनी बाजारात उतरली होती, आणि एकदा घेतलेला हीटर कुणी दरवर्षी घेत नाही. कसाही मांडला तरी हिशेब आठ हजारांच्या वर सरकेना.

मॅनेजरना बारा हवे होते. त्यांनी वरच्यांना तसा शब्द दिला होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "आठ लिहिलेत तर दुसरी पाळी बंद. बघा, तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या पाळीत तिचा दादा होता. त्याने कधी विषय काढला नाही. वहिनीने मात्र धाकटीची शाळा, आईचे गुडघे असं सांगता सांगता फोनवर विचारलंच, की यंदा काम बरं आहे ना.

तिने बारा लिहिले.

ऐन हिवाळ्यात लोक स्वेटरशिवाय फिरत होते. गोदाम छतापर्यंत भरलं, मग खोकी कँटीनमध्ये आली, मग तिच्या खोलीत. खिडकी झाकली गेली, भरदुपारी दिवा लावावा लागे. शेवटी माल ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा दोन्ही पाळ्या घरी बसवल्या.

दादा हजेरीचं कार्ड परत द्यायला आला. तिने दार लोटून त्याला सगळं सांगितलं.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "आठवर आमचीच पाळी गेली असती. आता पहिल्या पाळीतल्यांना तोंड कसं दाखवू?"

तो गेल्यावर ती राजीनामा लिहायला बसली. चार ओळी झाल्यावर तिचा हात थांबला. नवऱ्याचं काम वर्षापूर्वीच सुटलं होतं. दादाचं घर आणि तिचं घर मिळून पगार आता हाच एक.

तेवढ्यात मॅनेजर दारातून डोकावले. पुढच्या वर्षीचा अंदाज शुक्रवारपर्यंत हवा, आणि तो पाच हजारांच्या वर जायला नको, एवढं सांगून ते गेले. तिने कागद खणात सरकवला आणि नवी फाइल उघडली.